जुन्या कार्टूनचं औषध

ईश्वरी मोबाईल बघत नव्हती. तिने तो गालाला दाबून धरला होता. डोळे मिटलेले, आवाज पूर्ण वाढवलेला, आणि आतून कुठल्याशा नव्या कार्टूनच्या किंकाळ्या आणि ढोल. माझ्या टेबलापलीकडे तिची आई वैशाली अंग चोरून बसली होती. तिच्या शेजारी तिचे सासरे.

"पाह्यलं ना मॅडम?" ते म्हणाले. "झोपताना बी असंच. मोबाईल पाह्यजे म्हंजे पाह्यजेच. चार वर्साची होऊन राह्यली पोट्टी, एक शब्द बोलत नाई."

मी वैशालीकडे पाहिलं. कसं पाहिलं ते मला नीट आठवतं, आणि आठवलं की लाज वाटते.

मी स्पीच थेरपिस्ट आहे. म्हणजे ज्यांना बोलता येत नाही, उशिरा येतं किंवा अडखळत येतं, त्यांना बोलायला शिकवणारी. माझं क्लिनिक अमरावतीला आहे. शनिवारी मी अकोल्याला एका बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात बसते. तिथे तेल्हारा, अकोट, बाळापूर असे लांबून लोक येतात. ही मंडळी तेल्हाऱ्याची. घरची शेती आणि बी-बियाण्यांचं दुकान. वैशालीचा नवरा दुकान सोडून येऊ शकत नसे, म्हणून सासरे यायचे. मी त्यांना काकाजी म्हणायचे.

आता जरा माझ्याबद्दल, कारण या गोष्टीत आजारी मुलीपेक्षा डॉक्टरीण जास्त बघण्यासारखी आहे.

मी नांदगाव खंडेश्वरची. लहानपणी आमच्याकडे टीव्ही नव्हता. गल्लीच्या टोकाला एका कापड दुकानदाराकडे होता. रविवारी सकाळी तिथे एक कार्टून लागायचं. एक म्हातारा कुंभार आणि त्याचं बोलणारं गाढव. कुंभार गावोगाव मडकी विकत फिरायचा आणि गाढवाला 'शेठ' म्हणायचा. गाढव पडायचं, मडकी फुटायची, मग दोघं फुटक्या मडक्यांशेजारी बसून सावकाश बोलायचे. बस, एवढंच. मारामारी नाही, धावपळ नाही. मी हिंदी त्या गाढवाकडून शिकले असं मी सगळ्यांना सांगते, आणि ते बरंचसं खरं आहे. पुढे नोकरी लागल्यावर कुठूनतरी त्याचे सगळे भाग मिळवले, पेनड्राईव्हवर भरले. मन खट्टू झालं की आजही लावते.

या प्रेमातून माझं एक व्याख्यान तयार झालं होतं. शाळांच्या पालकसभांत मी ते द्यायचे. अमरावती, धामणगाव, अकोला, कुठेही बोलावलं की जायचे. आधी दोन मिनिटं आजचं कार्टून दाखवायचे. दर दोन सेकंदाला चित्र बदलतं, रंग डोळ्यांत घुसतात, बोलणं कमी आणि केकाटणं जास्त. मग दोन मिनिटं माझं गाढव. सभागृह एकदम शांत व्हायचं. चाळिशीतले बाप डोळे पुसायचे. मी विचारायचे, "सांगा, यातलं कोणतं तुमच्या मुलाला बोलायला शिकवेल?" टाळ्या. मला त्या टाळ्यांची चटक लागली होती.

माझ्या केस-पेपरचा छापील फॉर्मही मीच तयार केला होता. त्यातला पहिला प्रश्न होता: मूल दिवसातून किती वेळ कार्टून बघतं?

वैशाली म्हणाली, "पाच-सहा घंटे होत असन."

मला आणखी काही ऐकायची गरजच वाटली नाही. पण ती बोलत होती. "मॅडम, मी मागून हाक मारली तं वळत नाई. मले वाट्टे का…"

"काय वाट्टे त्यात?" काकाजींनी मधेच तोडलं. "कुकरची शिटी झाली का गरकन पाह्यते. ऐकू येते तिले चांगलं. मोबाईलात मुंडकं घातल्यावर कोनाले ऐकू येईन?"

मी कागद चाळले. जन्माच्या वेळची कानाची तपासणी होती. तिला ओएई म्हणतात. बाळाच्या कानात बारीकशी नळी ठेवून आवाज सोडतात, कानाच्या आतून परत येणारा प्रतिसाद मशीन पकडतं. कागदावर लिहिलं होतं 'पास'. दुसऱ्या कागदावर जन्मानंतरची कावीळ होती. बरीच मोठी. बाळाला आठवडाभर निळ्या दिव्याखाली ठेवलं होतं, रक्तसुद्धा बदललं होतं. मी वाचलं आणि पान उलटलं.

फॉर्मवर मी लिहिलं: 'हाक मारल्यावर वळत नाही. स्क्रीनमध्ये गुंतलेली.' पहिलं वाक्य वैशालीचं होतं. दुसरं माझं.

सल्लाही ठरलेला होता. मोबाईल पूर्ण बंद. अजिबात दाखवायचा नाही, मुलगी रडली तरी नाही. त्याऐवजी रोज एक तास मोठ्या टीव्हीवर जुनं, संथ, भरपूर बोलणं असलेलं कार्टून, आणि शेजारी एक मोठं माणूस जे चित्रातली गोष्ट समजावून सांगेल. दर पंधरा दिवसांनी थेरपी. मी माझ्या पेनड्राईव्हची कॉपी करून काकाजींना दिली.

ते खूश झाले. "हे तं आमच्या पोट्ट्यायनं पाह्यलेलं हाय!" ते म्हणाले. "एक इंजिनेर झाला, एक दुकान पाह्यते. यायले कोनी स्पीच थेरपी देल्ली होती?"

मी हसले. मलाही तेच म्हणायचं होतं.

तो जून महिना होता. ईश्वरी चार वर्षांची व्हायला दोन महिने बाकी होते.

पहिला महिना वाईट गेला. मोबाईल काढून घेतल्यावर ती डोकं भिंतीवर आपटायची. वैशालीने सांगितलं तेव्हा मी म्हणाले, "सवय सुटताना होतं असं. घट्ट राहा." दुसऱ्या महिन्यात रडणं थांबलं. मी फाईलवर 'सुधारणा' लिहिलं. आता ती माझ्या तोंडाकडे बघायला लागली होती, एकटक. मी त्याला 'आय कॉन्टॅक्ट' म्हटलं आणि आणखी एकदा 'सुधारणा' लिहिलं. शब्द मात्र एकही नव्हता. मी म्हणायचे, धीर धरा.

थेरपीत मी तिच्यासमोर बसायचे, तोंड मोठं करून 'मामा', 'बाबा' म्हणायचे. ती माझे ओठ हुबेहूब हलवून दाखवायची. फक्त आवाज नसायचा. माझी बेल वाजवली की पुष्कळदा वळायची. खोलीत अचानक मोठा आवाज झाला की दचकायची. मग तिला ऐकू येतं याची मला आणखी खात्री वाटायची.

दिवाळीनंतर एकदा वैशाली एकटीच आली. काकाजींना ताप होता. मी सहज म्हटलं, "परवा तुम्हाला फोन केला होता, लागला नाही."

"माह्याकडे फोन नाई मॅडम," ती म्हणाली. सासऱ्यांना ती मामाजी म्हणायची. "मामाजीनं कपाटात ठेवून देल्ला. तुमीच लिहून देल्लं होतं ना, घरात मोबाईल बंद म्हनून. म्हंतात, तुह्याच हातात होता, तूच पोट्टीले देत होती."

"मग माहेरी कशा बोलता?"

"नाई बोलत."

खालच्या आवाजात, तक्रार न करता म्हणाली. मी 'अहो, तुमचा फोन बंद करा असं नव्हतं म्हटलं मी' असं काहीतरी पुटपुटले. काकाजींना फोन करून ते स्पष्ट सांगायला हवं होतं. बाहेर पुढचा पेशंट होता. राहून गेलं.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दोघं ईश्वरीला घेऊन आले. मी लॅपटॉप लावला. आमच्या केबिनमध्ये आवाजासाठी वेगळा ब्लूटूथ स्पीकर आहे, लॅपटॉपचा आवाज फार बारीक. मी माझा सर्वांत आवडता भाग लावला. त्यात गाढव पुलावरून घसरतं, सगळी मडकी नदीत पडतात, आणि कुंभार त्याला म्हणतो, "कोई बात नहीं शेठ, नदी को भी प्यास लगती है."

ईश्वरी मांडी घालून बघत होती. गाढव घसरलं तशी ती हसली. तोंड उघडून, खांदे हलवत. काकाजींनीही टाळी वाजवली. मी मनातल्या मनात कुंभाराचं वाक्य म्हणत होते. चालीसकट. गेली पस्तीस वर्षं म्हणतेय.

"मॅडम," वैशाली म्हणाली, "आवाज तं बंदच हाय ना?"

मी वळून पाहिलं. स्पीकरचा दिवा लागलेला नव्हता. चार्जिंग संपलं होतं, की मी चालूच केला नव्हता, देव जाणे. दहा मिनिटं आम्ही मुकं कार्टून बघत होतो. मला कळलं नाही, कारण मला सगळं पाठ होतं, माझ्या डोक्यात ते वाजतच होतं. काकाजींना ऐकू कमी येतं, ते माझ्याकडे बघून हसत होते. कळलं फक्त वैशालीला.

आणि ईश्वरीला काहीच फरक पडला नव्हता. गेले आठ महिने ती जसं बघत होती तसंच ती आताही बघत होती. तिने एकदाही स्पीकरकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं नाही. ऐकणारं मूल आवाज गेला की अर्ध्या मिनिटात गोंधळ घालतं. माझ्या धंद्यात हे पहिल्या वर्षाला शिकवतात.



मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले. "ईश्वरी," म्हटलं. पुन्हा म्हटलं. मग तिच्या नावाऐवजी काहीतरी भलतंच म्हटलं. तिची मान तशीच. मग मी टेबलावर जोरात हात आपटला. ती वळली. तिला गोंगाट कळत होता. शब्द कळत नव्हता.

मी फाईल उघडली. पहिल्या पानावर माझंच अक्षर. खाली काविळीचा कागद.

"मी पैल्या दिवशीच सांगतलं होतं तुमाले," वैशाली म्हणाली.

मी "हो" म्हटलं.

बाहेर येऊन माझ्या सरांना फोन लावला. त्यांनी मला शिकवलं, आता निवृत्त आहेत. त्यांच्याशी लांबड लावता येत नाही.

"ओएई पास होतं?" त्यांनी विचारलं.

"हो सर."

"काविळीत रक्त बदललं होतं?"

"हो."

"मग बेरा का नाही केली?"

"मला वाटलं, मोबाईलमुळे…"

"मशीनला काय वाटलं ते विचारायचं असतं. तुला काय वाटलं ते नाही. सोमवारी करून घे." आणि फोन ठेवला.

बेरा म्हणजे डोक्याला तारा चिकटवून करतात ती तपासणी. मूल झोपलेलं असतं. कानात आवाज सोडायचा आणि तो मेंदूपर्यंत पोहोचतो का ते पडद्यावर बघायचं. पोहोचत असेल तर ओळीने छान लाटा उमटतात. सोमवारी अमरावतीला ईश्वरीची बेरा झाली. मी ऑडिओलॉजिस्टच्या मागे उभी होते. आवाज वाढवत वाढवत तो शेवटपर्यंत गेला. पडद्यावर लाट आलीच नाही, नुसत्या गिचमिड रेघा.

याचा अर्थ असा की तिचा कान आवाज पकडत होता, म्हणून जन्माच्या वेळी 'पास'. पण कानापासून मेंदूकडे जाणारी नस तो नीट पोचवत नव्हती. रेडिओ चालू आहे पण स्टेशन लागत नाही, नुसती खरखर, तसं. शिटी कळते, दार आपटलेलं कळतं, 'बाळा ये' कळत नाही. मोठ्या काविळीने असं होऊ शकतं. म्हणूनच अशा बाळांची बेरा करायचीच असते. हे मला माहीत होतं. परीक्षेत याच प्रश्नाला मला चांगले मार्क होते.

मोबाईल ती गालाला का धरायची तेही तेव्हा उमगलं. नव्या कार्टूनचा तो दणदणाट तिला गालावरच्या थरथरीतून जाणवत असणार. जगाने तिच्यासाठी पाठवलेली तेवढी एकच गोष्ट तिच्यापर्यंत पोचत होती, आणि ती मी बंद करून टाकली होती. वर तिला दिलं काय, तर दोन माणसं शांत बसून बोलताहेत.

रिपोर्ट सांगायला मी त्यांना केबिनमध्ये बसवलं. गोलगोल बोलायची सोय होती. 'अशा केसमध्ये निदान अवघड असतं' हे वाक्य आमच्याकडे तयारच असतं, आणि ते खोटंही नाही. मी ते तोंडावर आणलंही होतं. तेवढ्यात वैशालीने विचारलं, "मंग हे मोबाईलनं नाई झालं ना?"

"नाही."

"मी देल्ला म्हनून नाई झालं?"

"नाही. जन्मापासूनच आहे. काविळीमुळे."

"हे मामाजीले सांगा," ती म्हणाली. "त्यायले ऐकू येईन असं सांगा. माह्यासमोर."

मग मी सांगितलं. मोठ्याने, एकेक शब्द. मोबाईलचा दोष नाही. वैशालीचा तर नाहीच. ती पहिल्या दिवशी बरोबर बोलली होती. तपासणी मी तेव्हाच करायला हवी होती. चूक माझी आहे. आठ महिने माझ्यामुळे गेले.

 मला वाटलं आता काकाजी शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मी रोज एक घंटा तिले गोष्ट सांगत होतो मॅडम," ते म्हणाले. "मांडीवर घेऊन. हे गाढव, हा कुंभार, हे नदी. तिले त्यातलं काईच…?"

"नाही, काकाजी."

"कानापाशी तोंड नेऊन सांगत होतो."

त्यांनी बंडीच्या खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, त्यातली एक छोटी किल्ली सोडवली आणि सुनेसमोर टेबलावर ठेवली. वैशालीने ती उचलली. तिचा चेहरा काही उजळला वगैरे नाही. आठ महिने लोकांनी तिला आई म्हणून नापास केलं होतं, ते एका किल्लीने कसं भरून यावं?

पुढे श्रवणयंत्र लावून पाहिलं. उपयोग झाला नाही. मग नागपूरला कॉक्लियर इम्प्लांट झालं, म्हणजे ऑपरेशन करून कानाच्या आत तार बसवतात आणि बाहेरून मशीन लावतात. तोवर ती पाच वर्षांची झाली होती. तिथल्या सर्जननी कागद चाळले आणि मला फोन केला.

"आणखी आधी नाही आणता आलं?"

"आणता आलं असतं," मी म्हणाले.

मेंदूचा भाषा शिकायचा एक काळ असतो. तो संपत आला की मशीन आवाज देतं, पण मेंदूला त्याचं काय करायचं ते कळत नाही. आठ महिने आधी झालं असतं तर ती आज घडाघडा बोलली असती का? सांगता येत नाही. कोणीच सांगू शकत नाही. मला झोप न येण्याचं कारण हेच आहे की सांगता येत नाही.

आज ईश्वरी सहा वर्षांची आहे. दर शनिवारी येते. हाक मारली की वळते. तीसेक शब्द आहेत. 'आई' स्पष्ट म्हणते. बाकीचे शब्द वैशालीला कळतात, इतरांना सांगावे लागतात. वाक्य नाही. शाळेत मुलं तिच्या मशीनला हात लावतात म्हणून ती मागच्या बाकावर बसते. काकाजी हल्ली येत नाहीत. अकोल्याला यायला जमत नाही म्हणतात. दुकानात जाऊन बसतात म्हणे, टीव्ही लावत नाहीत.

गेल्या महिन्यात ईश्वरी माझ्या लॅपटॉपशी खेळत होती. तिला गाढवाचं चित्र दिसलं. ओळखलं तिने. बोट दाखवून मागितलं. मी लावलं, आणि या वेळी स्पीकर दोनदा तपासून लावला. इतक्या वर्षांपूर्वीचं ते घासलेलं रेकॉर्डिंग, त्यात मागे संगीत. तिच्या मशीनमधून ते कसं ऐकू येत असेल कोण जाणे. तिने कपाळाला आठ्या घातल्या. एकदा माझ्याकडे पाहिलं. मग उठली, स्पीकर बंद केला, परत जागेवर बसली आणि गाढव पुलावरून घसरेपर्यंत शांतपणे बघत राहिली. घसरलं तशी हसली.

मी शाळांत जाणं बंद केलं आहे. अजूनही बोलावणी येतात. जुन्या कार्टूनवरचं ते मस्त भाषण द्या म्हणतात. नवी कार्टून चांगली आहेत असं माझं म्हणणं नाही. ती भिकारच आहेत. पण माझं मत खरं असलं म्हणून समोरच्या मुलीचा आजार तोच असतो असं नाही, आणि हे शिकायला मला एक मूल लागलं.

फॉर्म मी नवीन छापून घेतला. कार्टूनचा प्रश्न आता शेवटच्या पानावर आहे, बेराच्या रिपोर्टच्या खाली. पहिला प्रश्न आहे: मागून हाक मारली तर मूल वळतं का? पुढे कंसात छापलंय, उत्तर आई सांगेल त्याच शब्दांत लिहा. आणि त्या उत्तरापुढे मला माझं काहीही लिहिता येऊ नये म्हणून मी जागा ठेवलेली नाही.